साधा विद्युत परिपथ

विद्युत घट, जोडतारा, कळ आणि एखादा दिवा किंवा रोधक यांना जोडून विद्युतधारेसाठी तयार केलेली बंद वाट म्हणजे साधा विद्युत परिपथ. या व्याख्येतला ‘बंद’ हा शब्द मराठी विद्यार्थ्याला हमखास चकवतो. घरात आपण ‘दिवा बंद कर’ म्हणतो तेव्हा परिपथ खुला होतो, आणि परिपथ बंद होतो तेव्हा दिवा चालू असतो. इथे बंद म्हणजे कुठेही न तुटलेला, निघाला तिथे परत येणारा. घटाच्या धन टोकापासून ऋण टोकापर्यंत एका जागी जरी वाट तुटली, तरी फक्त पुढच्या भागातली नव्हे, सगळ्या परिपथातली धारा थांबते.

धारा समजावताना पाण्याच्या नळाची उपमा देण्याची प्रथा आहे. ती अर्धीच लागू पडते. नळ फुटला की पाणी बाहेर सांडते. तार तुटली की काहीच सांडत नाही. सायकलची साखळी त्या मानाने बरी. पायडल मारताच साखळीचा प्रत्येक दुवा जवळजवळ एकाच वेळी हलतो आणि मागचे चाक फिरते, पण साखळी कमी होत नाही. खर्च होते ती पायांची ऊर्जा. तांब्याच्या तारेतले मुक्त इलेक्ट्रॉन असेच तारेत आधीपासून सर्वत्र असतात. घट ते निर्माण करत नाही, फक्त त्यांना ढकलतो. त्यामुळे दिव्याच्या आधी आणि दिव्यानंतर अमीटर जोडला तर दोन्हीकडे वाचन तेच येते. ‘दिवा धारा खातो’ ही शाळकरी मुलांची सर्वांत चिवट चुकीची समजूत आहे, आणि ती मोडायला हे एक वाचन पुरते.

तारेच्या छेदातून दर सेकंदाला १ कूलोम प्रभार गेला तर धारा १ अँपिअर. इलेक्ट्रॉनच्या हिशेबात ही संख्या सुमारे ६२४ वर १६ शून्ये इतकी होते. एवढी गर्दी असूनही इलेक्ट्रॉनचा सरासरी वेग गोगलगायीलाही लाजवणारा असतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर धारा असेल, तर ते सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात. १ मीटर जायला जवळपास ४ तास लागतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत धावत नाहीत. विद्युत क्षेत्रातला बदल तारेच्या कडेने प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने पोचतो आणि दिव्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलू लागतात. धारेची दिशा मात्र आपण धन टोकाकडून ऋण टोकाकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उलट मानतो. हा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याआधीचा. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी तो शोध लावला तोवर संकेत रूढ झाला होता. कोणतेही उत्तर त्याने चुकत नसल्याने तो तसाच राहिला.

एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत १ कूलोम प्रभार नेताना १ ज्यूल कार्य होत असेल, तर त्यांच्यातील विभवांतर १ व्होल्ट. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते, धारा एका जागेतून जाणारी. म्हणूनच व्होल्टमीटर घटकाच्या दोन टोकांना समांतर जोडतात आणि त्याचा रोध खूप मोठा ठेवतात. अमीटर वाटेतच, एकसर बसवतात आणि त्याचा रोध अगदी कमी असतो. अमीटर चुकून थेट घटाला जोडला, तर त्यातून प्रचंड धारा वाहून तो निकामी होऊ शकतो.

धारा आणि विभवांतर यांचे नाते गेओर्ग झिमॉन ओहम या जर्मन शिक्षकाने बांधले. आलेस्सांद्रो व्होल्टा यांची विद्युत चिती १८०० पासून उपलब्ध होती, पण तिचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. मोजायचे काय आणि कशाच्या जोरावर? १८२६ मध्ये कोलोन इथे ओहम यांनी ती बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याचे तापयुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने आपोआप स्थिर राहणारी, म्हणून उगमही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी चुंबकसूचीचे विचलन मोजले. नियमापेक्षा ही उगमाची निवडच मला जास्त हुशारीची वाटते. १८२७ च्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात परिपथासाठी जर्मन भाषेतला ‘साखळी’ हा शब्द आहे. मायदेशात त्याचे स्वागत थंड झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले. हेन्री कॅव्हेंडिश हे नाते आधीच्या शतकातच, स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांवरून धारेचा अंदाज घेत, जवळपास गाठून बसले होते, पण त्यांनी ते प्रसिद्धच केले नाही.

ओहमचा नियम असा : तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना वाहकातील धारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते. विभवांतराला धारेने भागून येतो तो रोध, एकक ओहम. तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो, आणि बाकी सगळे पदार्थावर अवलंबून. त्याच मापाच्या नायक्रोमच्या तारेचा रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक भरतो, म्हणून इस्त्रीच्या आत नायक्रोम आणि तिच्या वायरीत तांबे. ‘तापमान कायम असताना’ ही अट परीक्षेत पाठ म्हटली जाते आणि लगेच विसरली जाते. जुन्या पिवळ्या बल्बची टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या तारेच्या सुमारे एकदशांश किंवा त्याहूनही कमी असतो. असे बल्ब पुष्कळदा बटण दाबण्याच्या क्षणीच का उडत, याचे एक कारण इथे आहे. एलईडी तर हा नियम पाळतच नाही.

रोधक एकापुढे एक जोडले तर ती एकसर जोडणी : धारा सर्वांत तीच, विभवांतर वाटले जाते, रोधांची बेरीज होते. २ व ४ ओहमचे रोधक ६ व्होल्टच्या घटमालेला एकसर लावले तर धारा १ अँपिअर आणि विभवांतरे २ व ४ व्होल्ट. तेच समांतर लावले तर प्रत्येकाला पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. धारा ३ आणि १.५, मिळून ४.५ अँपिअर. एकूण रोध १.३३ ओहम, म्हणजे दोघांतल्या लहान रोधापेक्षाही कमी. हे विचित्र वाटते, पण टोलनाक्यावर आणखी एक खिडकी उघडली की, ती कितीही संथ असली तरी, गर्दीची वाट सोपीच होते. शाखांच्या सांध्यावर येणारी धारा आणि जाणारी धारा सारखी, आणि पूर्ण फेरीत विभवाच्या चढ-उतारांची बेरीज शून्य, हे दोन सर्वसाधारण नियम गुस्टाफ किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये मांडले. तेव्हा ते २१ वर्षांचे विद्यार्थी होते.

दिवाळीच्या जुन्या माळेत ६ व्होल्टचे बारके दिवे एकसर असत. २३० व्होल्ट वाटून घ्यायला सुमारे ३८ लागत. एक गेला की सगळी माळ अंधारी, आणि शिडीवर चढून एकेक दिवा दाबून पाहणे आले. घरातले दिवे आणि पंखे समांतर असतात ते याचसाठी.

शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, आणि इथे एक सुंदर कोडे दडले आहे. २३० व्होल्टवर ६० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ८८२ ओहम, १०० वॅटच्याचा ५२९. दोन्ही एकसर जोडून २३० व्होल्ट दिले तर कोणता जास्त उजळेल? धारा दोघांत तीच, म्हणून ज्याचा रोध जास्त तो, म्हणजे ६० वॅटचा. बल्बवरचा आकडा त्याचा स्वभाव नव्हे, ठरलेल्या विभवांतराला तो काय करील याची नोंद आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. तासभर चालला तर वीजबिलावर २ युनिट. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल.

घटालाही स्वतःचा आंतररोध असतो. जुना १.५ व्होल्टचा घट नुसत्या व्होल्टमीटरवर बरा दिसतो, पण बॅटरीत घातला की दिवा मिणमिणतो. कारण धारा वाहू लागताच बरेचसे विभवांतर आतच खर्च होते. घरातल्या वीजजोडणीत फेज आणि न्यूट्रल या दोन तारांचा थेट स्पर्श झाला तर रोध जवळजवळ शून्य, धारा अफाट, आणि तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. हेच लघुपरिपथन. त्या वाढत्या धारेने वितळतार आधी वितळावी किंवा एमसीबी ही आपोआप उघडणारी कळ खाली पडावी, अशी योजना असते. बटण फेजच्या तारेवर हवे; न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज उरते.

वायरमनच्या टेस्टरचा निऑन दिवा मागच्या धातूच्या टोपीला बोट लावल्याशिवाय लागत नाही. फेजपासून आतला प्रचंड रोध, निऑन, बोट, शरीर आणि जमीन अशी ती वाट बंद होते. पायात रबरी चप्पल असली तरी दिवा बहुधा मिणमिणतो. घरातली धारा प्रत्यावर्ती असल्याने शरीर आणि जमीन मिळून झालेल्या धारित्रातूनही ती थोडी वाहते. आतला रोध लाखो ओहमचा असतो, म्हणून धारा १ मिलिअँपिअरहून कमी राहते आणि बोटाला काही जाणवत नाही.