संगणकातले शहर, वर्गातले शहर

१९६८ साली जॉन कॉलिन्स बॉस्टनच्या महापौरपदावरून पायउतार झाले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाहुणे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांच्या शेजारची खोली जे फॉरेस्टर यांची होती. फॉरेस्टर नगररचनाकार नव्हेत. संगणकाची चुंबकीय स्मृती घडवणाऱ्यांपैकी ते एक अभियंता; पुढे कारखान्यात माल कधी साचतो, कधी का तुटतो, याची गणिते मांडण्यात ते रमले होते. या शेजाराचे फलित म्हणजे १९६९ मध्ये निघालेले ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक.

या पुस्तकातले शहर म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाचा जमिनीचा एक तुकडा. त्यावर तीन प्रकारची माणसे, तीन प्रकारची घरे आणि तीन प्रकारचे उद्योग. त्यांना समीकरणांनी एकमेकांत गुंतवायचे आणि संगणकाला अडीचशे वर्षे पुढे चालायला सांगायचे. या शहरात रस्ते नव्हते, मोहल्ले नव्हते, उपनगरे नव्हती. ज्या काळात अमेरिकेची शहरे वर्णसंघर्षाने पेटली होती, त्या काळात लिहिलेल्या या नमुन्यात वर्ण हा घटकच नव्हता. नगरांविषयी तोवर झालेल्या अभ्यासाचे ऋणही पुस्तकात जवळजवळ कुठे नाही. माजी महापौर आणि त्यांच्या परिचयातल्या व्यवहारी मंडळींचा अनुभव हाच मुख्य आधार.

निष्कर्ष मात्र ठाम होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली, तर शहर आणखी खालावते. उलट पडकी घरे हटवून ती जमीन उद्योगांना दिली, तर सावरते. आपल्या अंतःप्रेरणेला जे बरोबर वाटते, तेच गुंतागुंतीच्या व्यवस्थेत चुकीचे ठरते, असे फॉरेस्टर बजावत. शंका घेणाऱ्यापुढे संगणकाच्या आलेखांची चळत ठेवली जाई. ते आलेख कोणत्या गृहीतकांतून उगवले, हे विचारायला वेळ आणि विद्या दोन्ही लागत.

१९७३ साली डग्लस ली यांनी अशा अवाढव्य नगर-नमुन्यांची उत्तरक्रिया करणारा लेख लिहिला आणि त्यांची सात पापे मोजली. नमुने सगळे काही एकदम साधू पाहतात, अफाट आकडे खातात, फार खर्चिक असतात, अशी ती यादी होती. नियोजनशास्त्राच्या किती तरी विद्यार्थ्यांनी हा लेख अभ्यासला असेल. पण तोवर विद्यापीठांत संगणक शिरला होता. हार्वर्डला हॉवर्ड फिशर यांनी १९६५ साली उभारलेल्या प्रयोगशाळेत ‘सायमॅप’ नावाची आज्ञावली नकाशे छापत होती. काळी छटा हवी, तर एकाच जागी अक्षरावर अक्षर ठोकायचे! कॉर्नेलमध्ये ॲलन फेल्ट विद्यार्थ्यांना पटावर जमीन विकत घ्यायला, कारखाने नि घरे बांधायला, कर ठरवायला लावत होते. त्या पटावर निदान समोरचा खेळाडू तरी दिसत होता.

फॉरेस्टरांचे पुस्तक एव्हाना मागे पडायला हवे होते. ते एका खेळात पुन्हा जन्मले. विल राइट हा तरुण खेळ-रचनाकार बॉम्बफेकीचा एक खेळ तयार करत असताना त्याच्या ध्यानात आले, की बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती रचण्यात जास्त मजा येते. त्याने फॉरेस्टर वाचला. १९८९ साली ‘सिमसिटी’ बाजारात आली. तिच्या माहितीपुस्तिकेत नगररचनेच्या इतिहासावर एक गंभीर निबंधही होता. लवकरच भूगोल आणि नियोजन विभागांच्या प्राथमिक वर्गांत ती शिरली. यात नवल नाही. कर वाढवला की लोक निघून जातात, कारखान्याशेजारी घरांचे भाव पडतात, वीज आधी आणि वस्ती नंतर, हे एका तासात हाताला कळते. व्याख्यानातून ते महिनाभरातही कळत नाही. या खेळाचे हे श्रेय मला नाकारावेसे वाटत नाही.

प्रश्न आहे तो हाताला न कळणाऱ्या गोष्टींचा. १९९४ साली समाजशास्त्रज्ञ पॉल स्टार यांनी अशा खेळांच्या मोहिनीवर लिहिताना नेमके यावर बोट ठेवले, की यंत्रातली गृहीतके खेळणाऱ्याला दिसत नाहीत. मूळ सिमसिटीत जमिनीचे पट्टे तीनच: निवासी, व्यापारी, औद्योगिक. खाली दुकान नि वर बिऱ्हाड असा प्रकारच नाही. एकाच माणसाच्या मर्जीवर नगर चालते; मोर्चा नाही, मोबदल्याचा दावा नाही. फिलिपिन्समधल्या वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्याने पुढच्या आवृत्तीत साठ लाख वस्तीचे शहर कित्येक वर्षे खपून रचले आणि २०१० मध्ये जगाला दाखवले. खेळाच्या हिशेबाने ते अत्युत्तम होते. त्यातली माणसे मात्र पन्नाशीच्या पुढे जगत नव्हती.

२००८ साली सिमसिटीची मूळ संहिता ‘मायक्रोपोलिस’ या नावाने सर्वांना खुली झाली. माझ्या मते नगररचनेच्या शिक्षकाच्या हाती याहून मोलाचे साधन क्वचितच आले असेल. त्यात गुन्हेगारी मोजणारे सूत्र आहे. १२८ मधून जमिनीची किंमत वजा करायची, वस्तीची दाटी मिळवायची आणि पोलिसांचा प्रभाव वजा करायचा. बस्स. जमीन स्वस्त आणि माणसे दाट, म्हणजे गुन्हे. उपाय पोलीस चौकी. वीस वर्षे ज्यांनी हा खेळ खेळला, त्यांच्यापैकी कोणीही हे वाक्य तोंडी उच्चारले असते, तर वर्गात वाद पेटला असता. आज्ञावलीत ते निमूट बसले होते.

नगरविद्येचे शिक्षण संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची सूत्रे पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. त्यांचेही एक ‘साधन’ होते: नगरांचे फिरते प्रदर्शन. १९१४ साली ते हिंदुस्थानात येत असताना जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने ते वाहून आणणारे जहाज बुडवले. नवे साहित्य जुळवून पुढच्याच वर्षी त्यांनी मद्रासेत प्रदर्शन भरवले. वर्गात त्यांचा आवाज दाढीतच विरून जाई, असे म्हणतात. पण आधी पाहणी, मग निदान, शेवटी उपचार, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. ‘पाहणी’ म्हणजे पायी हिंडणे, विहिरी नि बोळ बघणे.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या सावटात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली. त्या दिवसापुरते ते ‘महाराज’ झाले. जे रस्ते आणि घरे सर्वांत स्वच्छ, त्यांवरून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली. उंदराची भली मोठी प्रतिकृतीही त्या मिरवणुकीत होती. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी आपापली घरे लखलखीत केली. सारे गाव खेळात उतरले होते आणि खेळाचे नियम सगळ्यांना ठाऊक होते.

आज आपल्याकडे नियोजनाचा विद्यार्थी क्यूजीआयएस उघडतो, उपग्रहाचे चित्र पसरतो आणि भूवापराचा नकाशा रंगवू लागतो. निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे सरकारी निर्बंध सैल झाल्यापासून हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. पुण्यात मात्र ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने त्याही आधी, वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन घराघराची माहिती गोळा केली आणि ती संगणकाच्या नकाशावर बसवली होती. कोणत्या घरात शौचालय नाही, ते उपग्रहातून दिसत नाही.

धारावीतल्या कुंभारवाड्याचा तुकडा रंगवायला दिला, की वर्गात अडचण उभी राहते. चाकावरची माती, अंगणातली भट्टी, ओटीवरचे दुकान आणि आतली चूल, सारे एकाच छपराखाली. तक्त्यात ‘वापर’ या नावाचा रकाना एकच आणि त्यातल्या यादीतून एकच पर्याय निवडायचा. बहुतेक विद्यार्थी पिवळा रंग भरून मोकळे होतात. एखादी विद्यार्थिनी विचारते, ‘सर, रकाना वाढवता येतो का?’ येतो, दोन मिनिटांचे काम आहे. पण त्यात काय लिहायचे, हे ठरवण्यासाठी तिला चर्चगेटहून गाडी पकडून माहीमला उतरावे लागते.