एक आजार, तीन विषाणू

1949 च्या वसंतात अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर पेकिन बदकांची दोन-तीन आठवड्यांची पिल्लं पटापट मरू लागली. मान मागे ताणलेली, यकृत सुजलेलं, त्यावर रक्ताचे ठिपके. लिव्हाइन आणि फॅब्रिकंट यांनी कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भात हा विषाणू वाढवून वेगळा केला. 1950 मध्ये शोध प्रसिद्ध झाला. नाव पडलं 'डक हिपॅटायटिस व्हायरस'.

पुढे 1965 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये लस दिलेली पिल्लंही याच लक्षणांनी मेली. 1969 मध्ये लाँग आयलंडवरही तेच झालं. जुन्या विषाणूविरुद्धचं सीरम या नव्यांना रोखत नव्हतं. मग त्यांना टाइप 2 आणि टाइप 3 म्हटलं गेलं, जणू एकाच घरातली तीन भावंडं.

इथे जरा थांबा. सीरमची चाचणी 'हा वेगळा आहे' एवढंच सांगते. तो कुठल्या कुळातला, हे ती सांगत नाही. टाइप 2 चे कण 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चांदणीसारखे दिसले, म्हणजे तो निघाला अ‍ॅस्ट्रोव्हायरस! 2009 मध्ये जनुकीय क्रम तपासल्यावर कळलं की टाइप 3 सुद्धा अ‍ॅस्ट्रोव्हायरसच आहे, पण टाइप 2 पेक्षा निराळा. दरम्यान 2006-07 च्या सुमारास कोरिया, चीन आणि तैवानमधल्या गटांनी टाइप 1 चा सुमारे 7,700 अक्षरांचा आरएनए वाचला. तो पिकोर्नाव्हायरस कुळातला, पण त्याच्यासाठी नवी प्रजातीच करावी लागली : अ‍ॅव्हिहिपॅटोव्हायरस. म्हणजे लक्षणं एक, विषाणू तीन आणि कुळं दोन.

आता तुमच्या कामाची गोष्ट. जुन्या टाइप 1 ला आज 'डक हिपॅटायटिस ए व्हायरस' म्हणतात आणि त्याचेही तीन जीनोटाइप आहेत. त्यामुळे जुना 'डीएचव्ही-3' हा अ‍ॅस्ट्रो, तर नवा 'डीएचएव्ही-3' हा पिकोर्ना! फरक एका अक्षराचा. पण चुकीच्या विषाणूचे प्रायमर मागवलेत तर पीसीआर निगेटिव्ह येईल आणि तिकडे पिल्लं मरतच राहतील. लसीचंही तसंच : जीनोटाइप 1 च्या लसीवर जीनोटाइप 3 साठी भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक पेपरचं साल आधी बघा. 2006 च्या आधीचा 'टाइप' आणि नंतरचा 'जीनोटाइप' एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात टाकू नका.