‘तान्हे’ : व्युत्पत्ती व अर्थसंक्रमण

अंगावर पिणाऱ्या मुलास मराठीत ‘तान्हे’ म्हणतात. हा शब्द तहानेशी जोडण्याचा मोह साहजिक आहे. संस्कृत ‘तृष्णा’, प्राकृत ‘तण्हा’, जुन्या मराठीत ‘तान्ह’ ही परंपरा निर्विवाद होय. ‘तान्हेला’ म्हणजे तहानलेला. तेव्हा दुधासाठी सदा आसुसलेले ते तान्हे, असे समीकरण मांडता येते व ध्वनिदृष्ट्या त्यात दोष दिसत नाही. अडचण अर्थाची आहे. तहान कोणत्याही वयात लागते. ‘तान्हे’ हा शब्द मात्र वय सांगतो. पोटभर पिऊन झोपी गेलेले मूलही तान्हेच असते.

दुसरा मार्ग गोठ्यातून जातो. अमरकोशाच्या वैश्यवर्गात वासरांची वयपरत्वे नावे आहेत. नुकतेच जन्मलेले ते ‘तर्णक’. वळण लावण्याजोगे झालेले ते ‘दम्य’. तर्णकाचे प्राकृत रूप ‘तण्णय’. कर्ण-कण्ण-कान, पर्ण-पण्ण-पान या क्रमाने तर्ण-तण्ण-तान एवढे सरळ येते. उरतो तो ‘ह’. केवळ ध्वनिनियमांवर बोट ठेवून कोणी ही व्युत्पत्ती नाकारली, तर त्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही. परंतु शब्द एकएकटे नांदत नाहीत. तान्ह्याच्या शेजारी ‘पान्हा’ होता, आणि त्यातील ‘ह’ परंपरागत आहे (प्रस्नव-पण्हव-पान्हा). ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) ही जोडी एकत्र आढळते. शिवाय ‘तान्ह’ हा जवळच्या उच्चाराचा शब्द भाषेत होताच. या दोहोंच्या संसर्गाने ‘ह’ शिरला असावा. असे मानल्यास तहानेचा संबंध शब्दाच्या रूपापुरता राहतो. उगम वासराचाच ठरतो.

वासरावरून मुलाकडे असे संक्रमण पूर्वीही झालेले आहे. ‘वत्स’ म्हणजे मुळात वर्षाचे वासरू. ‘संवत्सर’ त्याच कुळातील. पुढे तेच लाडके मूल झाले, आणि ‘वात्सल्य’ हा शब्द तेथूनच निघाला. त्याच वत्साचे ‘वासरू’ (वत्सरूप) मात्र मराठीत गोठ्यातच राहिले.

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन निघतात. तो ‘तान्हा पोळा’. ही मुले चांगली चालती-बोलती असतात. तेथे ‘तान्हा’चा अर्थ ‘लहान’ एवढाच उरला असून तो मुलांस व त्यांच्या बैलांस सारखाच लागू पडतो.