मूत्र : शब्दार्थ व व्युत्पत्ती

रक्तातील टाकाऊ द्रव्ये पाण्यात विरघळून वृक्कांवाटे (मूत्रपिंडांवाटे) शरीराबाहेर पडतात, त्या द्रवास मूत्र म्हणतात. शब्द वेदकालीन असून अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तिसरे सूक्त मूत्रावरोध दूर करण्यासाठीच रचलेले आहे.

भारतीय वैयाकरणांनी या शब्दाची फोड दोन प्रकारे केली. उणादिसूत्रांत सिव् (शिवणे) धातूपासून सूत्र आणि मुच् (सोडणे) धातूपासून मूत्र हे शब्द एकाच नियमाने साधले आहेत. जे सोडले जाते ते मूत्र, असा अर्थ त्यातून निघतो. धातुपाठात मात्र मूत्र हा स्वतंत्रच धातू दिला आहे. अवेस्तेतील ‘मूथ्र’ या शब्दाचा अर्थ मल, घाण असा असल्याने तौलनिक भाषाशास्त्र मुच् धातूचा संबंध मान्य करीत नाही. याच अर्थाचा दुसरा धातू मिह्. त्यापासून मेह, प्रमेह हे शब्द आले आणि लॅटिन ‘मिंगेरे’ हे क्रियापद त्याचेच भावंड होय. यास्काने मेघ शब्दही मिह् धातूशी जोडला आहे. पाऊस आणि मूत्र यांची ही सांगड ग्रीकमध्येही दिसते : ग्रीक ‘ऊरोन’ (मूत्र) संस्कृत वर्ष (पाऊस) शब्दाशी संबंधित मानला जातो.

वैयाकरणांची मुच् धातूवरील व्युत्पत्ती ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नसली, तरी प्राकृतात तिला वेगळेच महत्त्व आले. प्राकृतात मूत्र आणि मुक्त या दोहोंचे रूप ‘मुत्त’ असेच होते. बौद्ध भिक्षूच्या चार आधारांपैकी शेवटचा ‘पूतिमुत्तभेसज्ज’ हा होय. पाली परंपरेने त्याचा अर्थ आंबलेल्या मूत्राचे औषध असा घेतला. मूलसर्वास्तिवादी संस्कृत ग्रंथांत मात्र ‘पूतिमुक्त’ असे रूप आढळते. म्हणजे भिक्षूने मूत्र प्यावे, की लोकांनी टाकून दिलेले औषध घ्यावे, हा प्रश्न एका जोडाक्षरावर येऊन ठेपतो. महावग्गात पांडुरोगावर मूत्रात भिजविलेला हिरडा सांगितला असल्याने पहिला अर्थ निदान चिकित्सेच्या दृष्टीने अस्वाभाविक नाही.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी (पांडव) लेण्यांत या नियमाची दुसरी बाजू दिसते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील (इ. स. तिसरे शतक) दहाव्या लेण्यातील लेखानुसार शकानी विष्णुदत्ता या उपासिकेने तेथील भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधांसाठी अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव दिली. ही रक्कम गोवर्धन येथील कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक (तेली) आदी श्रेणींकडे व्याजाने ठेवण्यात आली. आदर्श कितीही खडतर असला, तरी आजारी भिक्षूची व्यवस्था पूतिमुत्तावर सोडलेली नव्हती, हे यावरून उघड होते. तिसऱ्या लेण्याशी संबंधित भद्रयानीय पंथाचा विनय उपलब्ध नाही. तेव्हा पाली नियम येथे जसाच्या तसा लागू होता, असे धरून चालता येत नाही.

मूत्र हा शब्द या लेखांत येत नाही, पण त्याचे मराठी रूप कसे घडले, हे त्यांतून समजते. सातवाहनांच्या लेखांत ‘गोतमिपुत’ आहे. ब्राह्मी लेखनात द्वित्त दाखवीत नसल्याने हा ‘पुत’ उच्चारात ‘पुत्त’ होता, आणि पुढे द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाल्याने मराठी ‘पूत’ झाला. सूत्र–सुत्त–सूत आणि मूत्र–मुत्त–मूत ही त्याच साच्यातील रूपे होत. उणादिसूत्रांनी शेजारी बसविलेल्या दोन शब्दांची व्यवहारातली वाट मात्र वेगळी झाली. सूत प्रतिष्ठित राहिले. मूत ग्राम्य ठरून शिष्ट भाषेने पुन्हा संस्कृत रूप उचलले. काव्यशास्त्रास असा संकोच नव्हता. चालत्या बैलाच्या मूत्राच्या नागमोडी रेषेवरून नाव पडलेल्या ‘गोमूत्रिका’ या चित्रबंधाचे लक्षण दंडीने काव्यादर्शात दिले आहे.

इंग्रजी ‘यूरिन’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऊरीना’ होय. मूत्रातील मुख्य नत्रयुक्त द्रव्यास त्यावरून यूरिया हे नाव मिळाले. फ्रीड्रिख व्होलर याने ते 1828 मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. खतामुळे हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आला असला, तरी त्यातील मूत्राची आठवण बोलणाऱ्यास होत नाही. मूतखडा, मुतारी या शब्दांत मात्र जुने तद्भव रूप टिकून आहे.