यंत्र येण्यापूर्वीचा करार

परप्रांतात स्थिरावलेल्या कित्येक मराठी कुटुंबांचा संसार बँक, विमा वा रेल्वेतील नोकरीवर उभा राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अशा नोकऱ्यांचे काय होणार, ही चिंता आज घरोघरी आहे. हा प्रश्न याच कचेऱ्यांत पूर्वीही उपस्थित झाला होता. म्हणून तो इतिहास पाहणे उचित ठरेल.

१९५७ साली दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक व कामगार यांनी एक तत्त्व मान्य केले होते : नवी यंत्रपद्धती आणताना असलेल्या कामगारांची कपात होऊ नये, त्यांची मिळकत घटू नये आणि लाभाची वाटणी न्याय्य व्हावी. परंतु तत्त्व मान्य होणे निराळे, विश्वास बसणे निराळे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळ संगणक आणू लागताच कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसवर पहारा बसविला. पुढे केंद्र सरकारच्या स्वयंचलनविषयक समितीने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९७२ साली आपला अहवाल सादर केला.

बँकांत वाट सापडली ती ८ सप्टेंबर १९८३ रोजी. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणासंबंधी करार झाला. यंत्रांच्या वापरास मर्यादा घालण्यात आल्या आणि यंत्र चालविणाऱ्या कारकुनास विशेष भत्ता ठरला. कालपर्यंत खातेवही लिहिणारा हातच कळफलकावर आला.

या करारास उणी बाजूही होती. खुर्चीवर बसलेल्या माणसास त्याने आधार दिला. परंतु त्याच्या मागून येणाऱ्यांची खुर्ची राखणे त्याच्या आवाक्यात नव्हते. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सुमारे १ लाख बँक कर्मचारी बाहेर पडले; त्या साऱ्या जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने त्यात १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची. हे साहाय्य स्वागतार्हच. मात्र ते नोकरी गेल्यानंतर मिळते. १९८३ ची बोलणी माणूस कामावर असतानाच झाली होती, हा भेद लहान नव्हे.

त्या काळी कळफलकावर प्रथम बसलेले कोणी निवृत्त सभासद आपल्या मंडळात असतील, तर कराराआधी त्यांनी कोणते प्रश्न विचारले होते, हे आजच्या तरुणांनी त्यांच्याकडून अवश्य जाणून घ्यावे. तेच प्रश्न आज पुन्हा विचारावयाचे आहेत, आणि या वेळी घरातील उमेदवारांच्या वतीनेही.