उलटं इंजिन

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून पहिलं प्रवासी विमान उडालं. नातू ओट्यावर नाचत होता. मी खालची जमीन बघत होतो. तिथं आमचं खारभाताचं शेत होतं. उलव्याचा डोंगर कापला, खाजण भरलं, नदी वळवली. आमचा बांध कुठून जात होता, ते आता मलाही बोटानं दाखवता येत नाही.

"आबा, मला विमान करून द्या ना," नातवानं हट्ट धरला. म्हटलं, करायचंच तर टाटांचं पहिलं करू.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले, अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. विमान 'पस मॉथ', एका इंजिनाचं. वायरलेससुद्धा नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. आणि जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलट जागा. पावसाळ्यात भरतीला पाण्याखाली जायची, मग विमानं पुण्याला उतरवायची. हे वाचलं आणि जुहू मला आपलंच वाटलं. आमच्याकडं तरी काय वेगळं होतं? बांधाला खांड पडली की एका भरतीत शेत खारं, मग पुढं तीन-तीन वर्षं भात नीट येत नाही.

सांगाडा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा केला. ते सोपं. खरा घोळ इंजिनाचा. पस मॉथला जिप्सी इंजिन, चार सिलिंडर एका रांगेत, वाऱ्यानं थंड होणारं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला राजदूत मोटारसायकलला असतात तशा पाकळ्या हव्यात. बांबूच्या चार काड्या घेतल्या. जळलेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार होतीच. एकेरी गुंडाळली तर अंतर कमी-जास्त होई. मग दोन तारा जोडीनं गुंडाळल्या आणि एक हळूच उलगडून काढली. मध्ये सारखी फट राहिली, पाकळ्या जमल्या. धुराचा पाइप पेनाच्या रिकाम्या रिफिलीचा, दिव्यावर वाकवलेला. त्याला गेरू आणि चिमणीची काजळी चोळली, तेव्हा कुठं तापून जुना झालेला दिसायला लागला.

नातू म्हणाला, "आबा, इंजिन उलटं बसवलंत!"

उलटंच होतं ते. सिलिंडर खाली, दांडा वर. त्यामुळं विमानाचं नाक खाली राहतं, चालवणाऱ्याला समोरचं दिसतं आणि पंखाही जमिनीपासून उंच राहतो. त्याला हे समजावताना माझंच मला नवल वाटलं. ज्या विमानांनी शेत घेतलं, त्यांचं इंजिन मी महिनाभर जीव लावून घडवत होतो. राग नव्हता असं नाही. पण कुणाच्या तरी हातांनी ते पहिल्यांदा घडवलं असेल, आणि हाताचं काम मला कळतं.

विमान खिडकीत ठेवलं. नातू चारी बाजूंनी बघून म्हणाला, "आणि बैलगाडी?"

ती आता करायला घेतलीय. तिला फोटो बघावा लागत नाही.