बारावीनंतर पदवीचा प्रवेश: निकालाची वाट पाहू नका, कागद आधी काढा

अकोट (प्रतिनिधी): बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानावर एकच गर्दी होते. सर्व्हर चालत नाही, लाईन जाते येते आणि इकडे मृग तोंडावर आल्यानं बापाला बियाण्या-खताची धावपळ असते. नेमक्या याच पंधरा-वीस दिवसांत कॉलेजचा फॉर्म, दाखले, फी सारं येऊन पडतं. टक्के चांगले असूनही एक कागद वेळेवर निघाला नाही म्हणून पोराची सीट किंवा स्कॉलरशिप हातची जाते. ज्यांच्या घरी यंदा किंवा पुढल्या वर्षी बारावीचं लेकरू आहे, त्यांच्यासाठी ही सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी हे ठरवा: रस्ता कोणता?

पदवीला जायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीचे नियम वेगळे आहेत.

पहिला रस्ता थेट कॉलेजचा. बीए, बीकॉम, बीएस्सी यांचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर कॉलेजमध्येच होतो. आपला अकोला जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. १९८३ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे आहेत. अकोटातलं श्री शिवाजी महाविद्यालय असो की अकोल्यातली आरएलटी, एलआरटी, खंडेलवाल ही कॉलेजं असोत, फॉर्म कॉलेजचा असतो, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था स्वायत्त आहे. तिची प्रवेशाची सूचना वेगळी निघते, ती वेगळी पाहावी लागते.

दुसरा रस्ता सीईटीचा. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, पाच वर्षांचं लॉ यांच्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा लागते. २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी सुरू झाली. बीएस्सी नर्सिंगलाही सीईटी लागते. इथं कॉलेजात जाऊन थेट फॉर्म भरून भागत नाही. आधी परीक्षा, मग कॅप राऊंडची नोंदणी, मग कॉलेजांची पसंती, मग यादी.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री करायचं म्हणणारी पोरं आपल्याकडे पुष्कळ. पण घरी शेती आहे आणि बारावीला मार्क चांगले आहेत एवढ्यानं तिथं प्रवेश होत नाही. राज्यात अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत आणि चारही ठिकाणचा प्रवेश एकाच प्रक्रियेतून होतो.

सीईटीचा फॉर्म निकालाआधीच संपतो

बरेच पालक इथंच चुकतात. सीईटीचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधी, साधारण हिवाळ्यातच सुरू होतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होते. निकाल लागल्यावर "आता ॲग्रीचा फॉर्म भरतो" म्हणून गेलं तर वेळ निघून गेलेली असते. एमएचटी-सीईटीचा पेपर २०० मार्कांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. इंजिनिअरिंगला गणिताचा ग्रुप लागतो. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील तर दोन्ही ग्रुपचा फॉर्म भरावा. इंजिनिअरिंगला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, हेही ध्यानात ठेवा.

कोणत्या शाखेतून कुठं जाता येतं?

- बारावी आर्ट्स: बीए, बीकॉम. बीएस्सीला जाता येत नाही.
- बारावी कॉमर्स: बीकॉम, बीए.
- बारावी सायन्स: बीएस्सी, बीए, बीकॉम तिन्ही. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी सीईटीतून.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. आता मेजर, मायनर असे विषय निवडावे लागतात. मेजर म्हणजे ज्या विषयात पदवी मिळते तो. एक वर्षानं थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. पोरीचं लग्न झालं, घरची अडचण आली, शिक्षण मधेच सुटलं, तरी केलेलं वाया जात नाही. ठरलेल्या नियमात परत येऊन पुढं शिकता येतं. मात्र मेजर विषय मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका. पुढं बीएड किंवा एमए करायचं असेल तर त्याच विषयावर सगळं अवलंबून असतं.

कागद: काय लागतं, कुठं मिळतं?

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका
- टीसी: ज्युनिअर कॉलेजमधून. मूळ प्रत द्यावी लागते, म्हणून आधी झेरॉक्स काढून ठेवा आणि फोनमध्ये स्कॅनही ठेवा
- आधार कार्ड: नाव, जन्मतारीख दहावीच्या सनदीप्रमाणेच पाहिजे
- अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल: तहसील कार्यालय, सेतूमार्फत
- उत्पन्नाचा दाखला: तहसील
- जातीचा दाखला: उपविभागीय अधिकारी कार्यालय
- नॉन-क्रिमीलेअर: ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी यांना
- ईडब्ल्यूएस दाखला: ज्यांना इतर कोणतं आरक्षण नाही त्यांना
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र
- दुसऱ्या बोर्डातून बारावी झाली असेल तर मायग्रेशन

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हे दोन वेगळे कागद आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख लिहिलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. जूनच्या प्रवेशाला पुढल्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला लागतो. घरी असलेला दाखला काढून तारीख वाचा. संपला असेल तर एप्रिलमध्येच नवा काढा. एप्रिलमध्ये गर्दी कमी असते, जूनमध्ये तोच दाखला रडवतो.

अर्ज केल्यावर पावती घ्याच. २०१५ च्या सेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. पावती नसेल तर मुदत कधीपासून मोजायची, हाच वाद होतो.

जात पडताळणी: सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद

साध्या बीए, बीकॉमच्या प्रवेशाला जातीचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो. पण सीईटीतून राखीव सीट घ्यायची तर व्हॅलिडिटी लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह करायचा असतो. अनुसूचित जमातीसाठी समिती अमरावतीला आहे, बाकीच्यांची जिल्ह्याची समिती अकोल्यात.

त्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो. तो कधीपर्यंतचा पाहिजे, ते असं:

- अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा
- अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा
- विमुक्त जाती, भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा
- ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग: १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा

आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुनी खरेदी हे कामी येतात. काका, आत्या, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या कोणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर काम बरंच सोपं होतं, आधी तेच विचारा. मोडीतली नक्कल असेल तर वाचून घेण्यात दिवस जातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या आदिवासी कुटुंबांनी आणि पुनर्वसन होऊन आलेल्यांनी तर हे काम दहावी झाल्या झाल्या हाती घ्यावं, कारण जुनं गाव आणि रेकॉर्ड दुसऱ्या तालुक्यात असतं.

फी आणि स्कॉलरशिप

प्रवेश झाला की स्कॉलरशिप आपोआप मिळते, असं नाही. महाडीबीटी पोर्टलवर वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि दरवर्षी रिन्यू करावा लागतो.

- अनुसूचित जातीची भारत सरकार शिष्यवृत्ती: उत्पन्न मर्यादा अडीच लाख. यात केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला फीचा पैसा कॉलेजला भरायचा असतो. पेरणीला किंवा दवाखान्याला वापरला तर पुढं कॉलेजची बाकी अंगावर येते.
- मुलींसाठी: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत पाहिजे आणि प्रवेश कॅप राऊंडमधून झालेला पाहिजे. कॉलेजच्या कोट्यातून सीट घेतली तर हा लाभ मिळत नाही. पोरीला इंजिनिअरिंग परवडत नाही म्हणून थांबवण्याआधी हे वाचा.
- खुल्या प्रवर्गासाठी: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख.
- बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी: हॉस्टेल मिळालं नाही तर अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयंम, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

पैसा आधार जोडलेल्या खात्यातच येतो. बँकेला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असं समजू नका. डीबीटीसाठी खातं जोडलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. दोन-तीन खाती असतील तर पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो.

फॉर्म भरताना

- मोबाईल नंबर आपलाच द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्याच नंबरवर येतो.
- आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा.
- नावाचं स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच. इथली चूक पदवीच्या सर्टिफिकेटपर्यंत जाते.
- प्रवर्ग भरताना कागद समोर ठेवा. अंदाजानं भरू नका.
- सबमिट केल्यावर प्रिंट घ्या. पैसे कटले पण पावती निघाली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी स्टेटस पाहा.
- "सीट पक्की करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वापस पाठवा. कॅपमध्ये सीट मेरिटनं लागते, कोणाच्या ओळखीनं नाही.

बीएस्सीला प्रवेश घेतला आणि नंतर ॲग्रीला नंबर लागला तर?

हे दरवर्षी होतं. थेट प्रवेश आधी होतात, कॅपचे राऊंड पुढं चालतात. सीट राखून ठेवायला अकोटात प्रवेश घेणं चूक नाही. पण टीसी तिथं जमा होते. नंबर लागला की त्याच दिवशी कॉलेजला लेखी अर्ज करून प्रवेश रद्द करा, टीसी परत घ्या आणि फी वापसीबद्दल विचारा. कॅपमध्ये हजर व्हायला मोजके दिवस असतात.

नापास झालं किंवा कॉलेज जमत नसेल तर?

बारावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. विषय निघाला तर वर्ष वाचू शकतं. शेती किंवा मजुरी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून चालू असलेल्या या विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षेला चालते. अभ्यास केंद्र जवळ कोणतं, ते विद्यापीठाच्या साईटवर पाहून मगच पैसे भरा.

थोडक्यात, कधी काय?

- अकरावीत: जातीचा दाखला, व्हॅलिडिटीचे पुरावे
- बारावीच्या हिवाळ्यात: सीईटीचा फॉर्म, व्हॅलिडिटीचा अर्ज झालेला पाहिजे
- एप्रिल: उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, बँक खातं
- निकालानंतर: गुणपत्रिका, टीसी, कॉलेजचा फॉर्म, कॅप नोंदणी
- प्रवेशानंतर: महाडीबीटी

नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या तारखेवर विसंबू नका, सीईटी सेलची साईट आणि कॉलेजचा सूचना फलक पाहा. शिकलेला माणूस घरात नसेल तर पोराच्या वर्गशिक्षकाला विचारा, लाजू नका. यादीतले तीन-चार कागद आज घरी असतील, बाकीचे कोणते राहिले ते आज संध्याकाळीच पेटी उघडून पाहून घ्या.